सरांची मुदत वाढवायची का? बास्केटबॉल संघाने मुख्य प्रशिक्षकाबाबतचा निर्णय कसा घ्यावा

पुण्यातील बहुतेक बास्केटबॉल संघांत मुख्य प्रशिक्षकाला कोणी नावाने हाक मारत नाही. ते सगळ्यांचे ‘सर’ असतात. दहा-बारा वर्षे एकाच कोर्टवर रोज संध्याकाळी शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या सरांची आणि संघाची ओळख एकच होऊन जाते. त्यामुळे त्यांना पुढे ठेवायचे की नाही, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आला की काही सभासद मान खाली घालून बसतात, काही तावातावाने बोलतात आणि निर्णय बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागतो. मी एका क्लबच्या कार्यकारिणीवर बरीच वर्षे काम केले आहे आणि हा प्रश्न तीन वेळा हाताळला आहे. पहिल्या वेळी आम्ही तो फार वाईट रीतीने हाताळला. शालेय किंवा महाविद्यालयीन वयाच्या खेळाडूंचे संघ चालवणाऱ्या, थोड्या मानधनावर प्रशिक्षक नेमणाऱ्या आणि सगळा कारभार स्वयंसेवकांच्या बळावर ओढणाऱ्या क्लबांना उपयोग व्हावा, म्हणून त्या अनुभवातून शिकलेली रीत येथे मांडत आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. सरांनी आजवर केलेल्या कामाबद्दल क्लब त्यांचे काय देणे लागतो आणि पुढील दोन वर्षे संघ कोणाच्या हाती द्यायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे ठरावही वेगळेच व्हायला हवेत. हे दोन प्रश्न एकत्र बांधले, तर उपकाराच्या ओझ्याखाली नेमणूक होते, नाहीतर नेमणूक नाकारण्यासाठी माणसाचे आयुष्यभराचे काम खोटे ठरवावे लागते. खाली जे काही सांगितले आहे, ते या दोन प्रश्नांची सरमिसळ टाळण्यासाठी आहे.

निर्णय कधी घ्यावा

आमच्या पहिल्या वेळची हकिकत सांगतो. रविवारी रात्री आमचा संघ उपांत्य सामना एका गुणाने हरला, मंगळवारी तातडीची सभा झाली आणि अकरा वर्षे काम केलेल्या सरांना त्याच रात्री फोनवरून कळवण्यात आले. नवा प्रशिक्षक ठरलेला नव्हता आणि साहाय्यक तर कधी नेमलाच नव्हता. उन्हाळी शिबिर कसेबसे पार पडले आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा सोळा वर्षांखालील संघातील सहा मुले दुसऱ्या क्लबकडे गेलेली होती. तो निर्णय बरोबर होता की चूक, हे मी आजही सांगू शकत नाही, कारण आम्ही तपासणी अशी केलीच नव्हती.

शेवटच्या सामन्यानंतर किमान तीन आठवडे या विषयावर सभा घेऊ नये, असा नियम तेव्हापासून आम्ही केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुण्यातील वर्षाचा क्रम लक्षात घ्यावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी आणि दहावीच्या परीक्षा असतात, एप्रिल-मे हा उन्हाळी शिबिरांचा काळ असतो आणि जून ते सप्टेंबर उघड्या सिमेंटच्या कोर्टवर सराव पावसाच्या मर्जीवर चालतो. नव्या प्रशिक्षकाला खेळाडूंची ओळख करून घ्यायला शिबिराचे दोन महिने मिळाले पाहिजेत. पावसाळ्यात सूत्रे घेणाऱ्याचे पहिले तीन महिने वाया जातात. म्हणून तपासणी दिवाळीनंतर सुरू करावी आणि निर्णय मार्चच्या मध्यापर्यंत पूर्ण करावा. सरांनाही डिसेंबरातच सांगून ठेवावे की, यंदा मुदतीचा विषय निघणार आहे आणि तो कोणत्या निकषांवर ठरणार आहे.

अमेरिकेतील व्यावसायिक संघांची उदाहरणे सभेत हमखास निघतात, म्हणून त्यांविषयी लिहितो. डेन्व्हर नगेट्सने एप्रिल २०२५ मध्ये, साखळीचे केवळ तीन सामने शिल्लक असताना, मुख्य प्रशिक्षक मायकल मलोन यांना दूर केले. ते दहावा हंगाम सांभाळत होते आणि २०२३ चे विजेतेपद त्यांच्याच काळातले होते. परंतु त्या बाकावर डेव्हिड अ‍ॅडलमन हे अनुभवी साहाय्यक आधीपासून बसलेले होते आणि खेळाडू पगारी होते. ज्या क्लबकडे साहाय्यकच नाही, त्याने या उदाहरणावरून हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलण्याचे धाडस करू नये.

जय-पराजयाचा आकडा किती मोजावा

तो मोजावा, पण त्याचे ओझे किती हे आधी समजून घ्यावे. समजा, एखाद्या संघाची ताकद गटातील इतरांइतकीच आहे, म्हणजे प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी आहे. असा संघ १२ सामन्यांपैकी ४ किंवा त्याहून कमी सामने जिंकण्याची शक्यता सुमारे १९ टक्के येते. याचा अर्थ असा की, प्रशिक्षकाच्या हातून काहीही चुकलेले नसताना पाच हंगामांतून साधारण एकदा तक्त्यात असा वाईट आकडा दिसणारच. एका हंगामावरून माणसाला काढणे म्हणजे नाणेफेकीवरून काढण्यासारखे आहे. आणि एका करंडकावरून त्याला पाच वर्षांची हमी देणे हेही त्याच जातीचे आहे.

विजयांपेक्षा गुणांतील फरक अधिक बोलका असतो. गेल्या तीन हंगामांतील प्रत्येक सामन्याचा निकाल गुणांसह लिहून काढावा आणि तीन गुणांच्या आत सुटलेले सामने वेगळे करावेत. उरलेल्या सामन्यांत संघ सरासरी किती गुणांनी पुढे किंवा मागे होता, हे पाहिले की चित्र बरेच स्वच्छ होते. गट बदलला असेल, वरच्या श्रेणीत खेळावे लागले असेल किंवा मुख्य खेळाडू बारावीमुळे वर्षभर बाहेर असेल, तर ते त्याच ओळीत नोंदवावे.

यापुढे जायचे असेल, तर स्वतः नोंद ठेवावी लागते. अधिकृत गुणपत्रकात गुण, फाऊल आणि टाइमआऊट यांची नोंद होते. हुकलेले शॉट, रिबाउंड (शॉट हुकल्यावर ताब्यात घेतलेला चेंडू) आणि टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेला चेंडू) त्यात नसतात. कनिष्ठ संघातील दोन मुलांना वही देऊन बाकाशेजारी बसवले किंवा स्टँडवर फोन लावून सामना चित्रित केला, तरी काम भागते. त्यातून चार गोष्टी काढाव्यात: शॉट किती नेमके लागले, किती वेळा चेंडू गमावला, आपल्या हुकलेल्या शॉटवर किती रिबाउंड आपल्यालाच मिळाले आणि किती फ्री थ्रो, म्हणजे समोरच्यांच्या फाऊलमुळे मिळालेले मोकळे शॉट, पदरात पडले. शॉटच्या नेमकेपणासाठी यशस्वी शॉटमध्ये यशस्वी तीन-गुणी शॉटचा निम्मा आकडा मिळवून एकूण शॉटने भागावे. ६० पैकी २४ लागले आणि त्यांतले ६ तीन गुणांचे असतील, तर (२४ + ३) ÷ ६०, म्हणजे ४५ टक्के येतात. आक्रमणाच्या संधी मोजण्यासाठी शॉटच्या संख्येत फ्री थ्रोच्या ०.४४ पट आणि टर्नओव्हर मिळवून त्यातून आक्रमक रिबाउंड, म्हणजे आपल्या हुकलेल्या शॉटवर आपल्यालाच मिळालेले रिबाउंड, वजा करावेत. ६० शॉट, २० फ्री थ्रो, १६ टर्नओव्हर आणि १० आक्रमक रिबाउंड असतील, तर सुमारे ७५ संधी होतात आणि त्यांतल्या २१ टक्के शॉटशिवायच वाया गेलेल्या असतात.

या आकड्यांपैकी प्रशिक्षकाच्या हाती सगळे सारखे नसतात. तीन-गुणी शॉट लागणे-न लागणे एका हंगामात बरेच हेलकावे खाते, परंतु टर्नओव्हर आणि बचावातील रिबाउंड हे रोजच्या सरावाचे फळ असते. तीन वर्षे टर्नओव्हरचे प्रमाण वाढतच असेल आणि खेळाडूंची गुणवत्ता तीच असेल, तर तो प्रश्न मी सरांना निःसंकोच विचारेन. टाइमआऊटनंतरची पहिली संधीही पाहावी. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीन टाइमआऊट मिळतात, त्यांतले शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. ते कधी घेतले आणि त्यानंतर पाचही खेळाडूंना काय करायचे हे ठाऊक होते का, यावरून बाकावरच्या माणसाची तयारी दिसते.

खेळाडू घडतात का

माझ्या मते पुण्यातील क्लबसाठी हाच सर्वांत मोठा निकष आहे आणि कार्यकारिणीने निम्मा वेळ यावरच द्यावा. या शहराने बास्केटबॉलला चांगले खेळाडू दिले आहेत. शिरीन लिमये यांनी भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले, ही आपल्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे. असे खेळाडू क्लबच्या मैदानावर पोरवयापासून वर्षानुवर्षे चाललेल्या सरावातून तयार होतात. म्हणून करंडकांचे कपाट पाहण्याआधी हजेरीची जुनी वही काढावी.

चार वर्षांपूर्वी तेरा वर्षांखालील गटात असलेल्या सर्व मुलामुलींची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे आज ते खेळतात का, कोठे खेळतात, नसल्यास केव्हा आणि का सोडले, हे लिहावे. दहावीच्या वर्षी क्लासमुळे गळती होते, हे पुण्यातील प्रत्येक पालकाला ठाऊक आहे आणि त्याचा दोष सरांना देता येणार नाही. मात्र नववीच्या आतच मुले सोडून जात असतील, मुलींची संख्या मुलांच्या तुलनेत झपाट्याने घटत असेल किंवा बाकावर बसणारी मुले तीन वर्षे बाकावरच राहून निघून जात असतील, तर कारण सरावातच शोधावे लागते. याउलट संघ करंडक जिंकत नसला, तरी दरवर्षी दोन-तीन मुले जिल्ह्याच्या आणि विद्यापीठाच्या निवडीपर्यंत पोहोचत असतील, उजव्या हाताने खेळणारी मुले डाव्या हाताने सहज ले-अप (बास्केटच्या अगदी जवळून टाकलेला शॉट) घालत असतील आणि बारावी संपल्यावर मुले आपणहून मैदानावर परतत असतील, तर त्या सरांना हलवताना क्लबने शंभरदा विचार करावा.

ही यादी करायला आम्हाला दोन रविवार लागले. त्या यादीने सभेतले जेवढे वाद मिटवले, तेवढे कोणाच्याही भाषणाने मिटले नव्हते.

सर स्वतः बदलले आहेत का

एखादा माणूस फार वर्षे राहिला म्हणजे तो शिळा झाला, असे मानण्याची घाई करू नये. अमेरिकेतील सॅन अँटोनिओ स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी १९९६ मध्ये संघ हाती घेतला आणि १९९९ च्या हंगामाची सुरुवात ६ विजय व ८ पराभव अशी झाली, तेव्हा त्यांना हटवण्याची चर्चा सुरू होती. त्याच वर्षी संघ विजेता झाला. पुढे २००३, २००५, २००७ आणि २०१४ मध्येही त्यांनी विजेतेपद मिळवले. १९९९ चा संघ डंकन आणि रॉबिन्सन या दोन उंच खेळाडूंभोवती, बास्केटजवळ खेळणारा होता. २०१४ चा संघ चेंडू झटपट फिरवत मोकळा शॉट शोधणारा होता. माणूस तोच, पण शिकवण बदललेली होती.

हीच कसोटी आपल्या सरांना लावावी. २०१० पासून फिबाच्या नियमांत तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली, त्यामुळे कोर्टवर खेळाडूंनी पसरून उभे राहण्याची पद्धतच बदलली. आक्रमक रिबाउंडनंतर पुन्हा शॉट घ्यायला २४ ऐवजी १४ सेकंद मिळू लागले. टोकियो ऑलिंपिकपासून तीन विरुद्ध तीन हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला. या बदलांनंतर सरावात काय वेगळे सुरू झाले, हे सरांना विचारावे आणि सलग सहा संध्याकाळी मैदानावर बसून पाहावे. दहा वर्षांपूर्वीचा सराव आजही त्याच क्रमाने होत असेल, तर ती गंभीर बाब आहे. मुले रांगेत उभी राहून किती वेळ घालवतात, हे घड्याळ लावून मोजावे. माझ्या अनुभवात यातून सगळ्यांत लवकर उलगडा होतो.

कोणाकडून काय ऐकावे

पालकांचे म्हणणे ऐकावे, पण त्यातली ‘आमच्या मुलाला खेळवत नाहीत’ ही तक्रार बाजूला काढून उरलेले वाचावे. लहान खेळाडूंना सरांविषयी मतदान करायला कधीही लावू नये. ज्यांच्यापुढे दुसऱ्या दिवशी उभे राहायचे आहे, त्यांच्याविषयी मुले खरे बोलू शकत नाहीत आणि बोलली तर अडचणीत येतात. क्लब सोडून गेलेल्या, आता वीस-बावीस वर्षांच्या झालेल्या खेळाडूंशी बोलावे. त्यांना भीती उरलेली नसते आणि आठवण ताजी असते.

सरांशी स्वतंत्र बैठक व्हावी. दोनच पदाधिकारी असावेत, त्यांतला एक खेळलेला असावा आणि वेळ सरांच्या सोयीची असावी. ‘सर, पुढच्या दोन वर्षांत तुम्ही काय बदलाल?’, ‘तुमच्यानंतर संघ कोण सांभाळू शकेल आणि त्याला तुम्ही काय शिकवले आहे?’, ‘तुम्हाला आमच्याकडून काय मिळाले नाही?’ हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कार्यकारिणीने मनावर घ्यावे. आमच्या सरांनी चार वर्षे दोन मोडक्या रिंग बदलून मागितल्या होत्या आणि त्याची नोंद आमच्याच इतिवृत्तांत होती.

खेळाडूंच्या सुरक्षिततेबाबतची तक्रार मात्र या तपासणीचा भागच नाही. अल्पवयीन मुलामुलींबाबत लैंगिक गैरवर्तन झाल्याचे कळले, तर बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. प्रौढ महिला खेळाडूंसाठी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा क्रीडासंकुले आणि मैदानांनाही लागू होतो. अशा तक्रारीच्या तराजूत दुसऱ्या पारड्यात करंडक किंवा सेवेची वर्षे टाकण्याचा अधिकार कोणत्याही कार्यकारिणीला नाही.

तुलना खऱ्या माणसाशी करावी

सभेत सरांची तुलना बहुधा मनातल्या आदर्श प्रशिक्षकाशी होते आणि त्या तुलनेत कोणीही हरतो. म्हणून तीन खरी नावे कागदावर लिहावीत. रोज साडेपाचला मैदानावर येणे त्यांना शक्य आहे का, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा तत्सम प्रशिक्षण त्यांनी घेतले आहे का, लहान मुलांबरोबर काम केले आहे का, मानधन किती मागतात आणि कोणत्या तारखेपासून येतील, हे प्रत्येकापुढे लिहावे. तीनपैकी एकाही नावापुढचे रकाने भरता येत नसतील, तर क्लबपुढे आज बदलाचा पर्यायच नाही. अशा वेळी सरांना ठेवून वर्षभरात साहाय्यक तयार करणे हेच काम उरते.

आणखी एक सावधगिरी. टोरोंटो रॅप्टर्सने २०१८ मध्ये ५९ सामने जिंकून देणाऱ्या ड्वेन केसी यांना काढले, त्यांनाच त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला आणि २०१९ मध्ये निक नर्स यांच्या हाताखाली संघ विजेता झाला. हे उदाहरण बदलाच्या बाजूने मोठ्या आत्मविश्वासाने दिले जाते. परंतु त्याच उन्हाळ्यात क्वाय लेनर्ड हा असामान्य खेळाडूही त्या संघात आला होता. यशाचा किती वाटा नव्या प्रशिक्षकाचा, हे त्यावरून वेगळे काढता येत नाही.

सभा आणि ठराव

नेमणुकीचा अधिकार कार्यकारिणीचा की सर्वसाधारण सभेचा, हे क्लबच्या घटनेत आधी पाहावे. ज्यांची मुले संघात आहेत, त्या सभासदांनी मतदानाच्या वेळी बाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. सर स्वतः कार्यकारिणीवर असतील, तर त्यांनीही मत देऊ नये. ते कार्यकारिणीतूनही बाहेर पडणार असतील आणि क्लब सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल, तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो.

पहिला ठराव कृतज्ञतेचा असावा आणि तो नेमणुकीचा निकाल काहीही लागो, त्याआधी मंजूर व्हावा. त्यात क्लबने ठोस काही द्यावे: थकलेले मानधन, सन्माननिधी, आजीव सभासदत्व, जे झेपेल ते. दुसरा ठराव नेमणुकीचा. मुदत वाढवायची असेल, तर ती दोन वर्षांचीच असावी, असे माझे ठाम मत आहे, कारण अमर्याद मुदतीत सर आणि क्लब दोघेही एकमेकांना प्रश्न विचारणे थांबवतात. पत्रात मानधन, साहाय्यकाचे नाव आणि पुढील तपासणीची तारीख लिहावी. थांबायचे ठरले, तर अध्यक्षांनी सरांच्या घरी जाऊन स्वतः सांगावे. खेळाडूंच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर बातमी त्याआधी जाता कामा नये. पॉपोविच यांनी २०२५ मध्ये आजारपणानंतर पद सोडले, तेव्हा साहाय्यक मिच जॉन्सन यांनी त्यांच्या गैरहजेरीत बहुतेक हंगाम आधीच सांभाळलेला होता आणि पॉपोविच व्यवस्थापनात राहिले. छोट्या क्लबलाही अशी सोय करता येते.

तिसऱ्या वेळी आम्ही तसेच केले. सतरा वर्षे मुख्य संघ सांभाळलेल्या सरांनी बैठकीत आपणहून सांगितले की, रात्रीचे सामने आता झेपत नाहीत, पण लहान मुले सोडवत नाहीत. मार्चमध्ये दोन्ही ठराव झाले. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी नव्या मॅडमनी मोठ्या मुलांचा सराव सुरू केला, तेव्हा शेजारच्या अर्ध्या कोर्टवर सर तेरा वर्षांखालील मुलांना डाव्या हाताने ड्रिबल करायला शिकवत होते आणि साहित्याच्या खोलीची किल्ली त्यांनी त्या सकाळीच मॅडमकडे दिली होती.